चार ओळींची जागा

दोर्व्हाल, १७ नोव्हेंबर १९८६

प्रिय आन्सेल्म काका,

बाबांच्या दफनानंतर आपली भेट नाही, म्हणजे दीड वर्ष झालं. नात्याने तुम्ही माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. पण ‘आजोबा’ म्हटलेलं तुम्हांला चालत नाही हे लक्षात आहे, म्हणून बाबांसारखं काकाच लिहिते.

मी आता जिल्ह्याच्या अभिलेखागारात आहे. जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म करते. या महिन्यापासून ‘एको’ घेतला आहे: १८७१ ते ऑगस्ट १९४४, बावीस हजारांवर अंक. कागद लाकडाच्या लगद्याचा आहे, घडीवर तुटतो. एकेक पान काचेखाली घ्यायचं, एक फोटो काढायचा. पान फाटलेलं असेल तर आधी तशी पाटी ठेवून तिचाही फोटो घ्यायचा, म्हणजे दोष कागदाचा होता, कॅमेऱ्याचा नव्हता, हे पुढच्या वाचकाला समजतं.

युद्धाच्या वर्षांत अडचण येते. पानं दोनच, क्रम विचित्र, काही बातम्यांचा टाइप आजूबाजूच्या टाइपहून वेगळा. तुम्ही त्या छापखान्यात लायनोटाइप यंत्रावर मजकूर जुळवणारे जुळारी होतात. रविवारचा अंक त्या काळात कसा तयार व्हायचा, कोणतं पान आधी बंद व्हायचं, खेड्यांतल्या बातम्या कशा यायच्या आणि कुठे बसायच्या, हे लिहून कळवाल का? नोंदीसाठी हवं आहे.

तुमची,
सोलेन


आर्ब्वा, २३ नोव्हेंबर १९८६

प्रिय सोलेन,

दीड वर्षाने पत्र आलं आणि त्यात तब्येतीची चौकशीसुद्धा नाही. पेरारांचीच आहेस. गुडघा दुखतो, वेली छाटून झाल्या, वाइन बरी उतरली. आता कामाचं.

रविवारचा अंक म्हणजे युद्धाआधी काय चीज होती. बारा पानं. बायका आधी कादंबरीचं पान काढून घ्यायच्या, पुरुष सायकल शर्यतीचं, आणि उरलेल्यात कोंबडी गुंडाळली जायची. रविवारी टपाल नसतं, म्हणून विक्रेते चर्चच्या पायऱ्यांशी उभे राहायचे. पाद्रीबुवा तक्रार करायचे की प्रवचन संपायच्या आतच लोक खिशातली चिल्लर चाचपतात.

जर्मन आले, कागद आटला. बारा पानांचा एक ताव झाला, आणि शनिवार-रविवार मिळून एकच अंक. तो शनिवारी दुपारी छापायचो. मागचं पान आधी बंद व्हायचं, शुक्रवारी संध्याकाळी. खेडी तिथेच, सात पॉइंटाच्या बारीक टाइपात, गावाचं नाव ठळक. बातमी गावचा वार्ताहर पाठवायचा: कुठे मास्तर, कुठे पंचायतीचा कारकून. पाकीट बसच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, टपालात नाही, आणि आमचा माणूस स्टँडवरून उचलून आणायचा. शनिवारच्या बसने काही आलंच, तर ते मंगळवारच्या अंकात. मोंरोनचा वार्ताहर तुझे आजोबा. क्लोव्हिसचं अक्षर मास्तरांचं, एक चूक सापडायची नाही. फक्त बारशाच्या बातमीतसुद्धा हवामान घालायचा.

पहिलं पान आठ पॉइंटात, सगळ्यांत शेवटी. कारण त्यावर सेन्सॉर बसायचा. बारीक मिशांचा, नेहमी सर्दी झालेला. लाल पेन्सिलीने कापायचा आणि वर नियम असा की कापलेली जागा पांढरी दिसता कामा नये. पांढरं दिसलं की वाचकाला कळतं, इथे काहीतरी होतं. मग फोरमन बोवे ओरडायचा, “पेरार, सहा ओळी,” “पेरार, चार ओळी,” आणि मी काहीतरी जुळवून द्यायचो. खाजकुइलीचं सूप कसं करावं. चेस्टनट कसे वाळवावेत. माझ्याइतकी भोकं त्या जिल्ह्यात कुणी बुजवली नसतील. डोक्यात जे असेल ते बोटांतून उतरायचं, कागदाची गरज नाही.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टमध्ये ‘एको’ बंद केला, जर्मनांच्या हाताखाली छापला म्हणून. तीन दिवसांनी त्याच इमारतीतून ‘रनुव्हो’ निघाला, अंक पहिला. माणसं तीच, यंत्रं तीच, शिसंही तेच. मथळा तेवढा वितळवून नवा ओतला. मीच ओतला.

अजून काय हवं ते विचार. म्हाताऱ्याला बोलतं केलंस.

आन्सेल्म


दोर्व्हाल, १ डिसेंबर १९८६

प्रिय आन्सेल्म काका,

तुमचं पत्र अतिशय उपयोगी पडलं. आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या पत्रात मी कारण पूर्ण लिहिलं नव्हतं.

१० नोव्हेंबरला मोंरोनच्या महापौर मादाम बेर्थेले यांचं आमच्या कार्यालयाला पत्र आलं. येत्या २१ मार्चला गावात दूध सोसायटीसमोर स्मारकशिळा बसवतायत, गोळ्या घातलेल्या पाच जणांची. त्यानिमित्त एक पुस्तिका छापतील. तिच्यासाठी त्यांना १९ मार्च १९४४ च्या ‘एको’मधल्या एका बातमीचा फोटो हवा आहे. तो काढण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं आडनाव त्यांनी पाहिलेलं नसावं.

बातमी अशी आहे:

मोंरोन येथील दूध सोसायटीच्या तळघरातून
गुरुवारी चीजची अकरा चाकं अज्ञात इसमांनी
नेली. कुलूप तुटलेलं नाही. सोसायटीच्या
सभासदांनी तक्रार दिलेली नाही.

मंगळवारी जर्मन आले आणि सोसायटीच्या पाच सभासदांना तळघराच्या दारातच उभं केलं. चीज जंगलात लपून जर्मनांशी लढणाऱ्या पोरांना दिलं होतं हे आज सगळेच सांगतात. पुस्तिकेच्या मसुद्यात वाक्य आहे: “ही बातमी गावचे शिक्षक व ‘एको’चे वार्ताहर क्लोव्हिस पेरार यांनी पाठवली होती.”

आजोबांना मी पाहिलेलं नाही. घरात एवढंच माहीत होतं की ४५ साली त्यांनी मोंरोन सोडलं आणि कारण विचारायचं नसतं. झेली आजी आता एकोणऐंशी वर्षांची आहे. ती मोंरोनची लेक. तिचे आईवडील तिथेच पुरलेले आहेत आणि तिलाही तिथेच जायचं आहे. मसुदा मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “हे असं छापलं तर मला तिकडे नेऊ नका. इथेच कुठेतरी पुरा.” मग खिडकी लावायला सांगितली.

मजकूर २० फेब्रुवारीला छापखान्यात जाणार आहे. ही बातमी कुणी आणली हे तुम्हांला आठवतं का?

सोलेन


आर्ब्वा, ९ डिसेंबर १९८६

सोलेन,

बेचाळीस वर्षं झाली. रोज हजारो अक्षरं हाताखालून जायची. एकेक बातमी कुठून आली हे कुणाला आठवणार?

पाकीट आलं असेल. शनिवारच्या बसने आलं असेल आणि घाईत बसवलं असेल. क्लोव्हिस मनाने सरळ होता. गावातली खबर ती खबर, असं समजून भोळेपणाने पाठवली असेल. त्यात गुन्हा काय? त्याच्यावर खटलाही झाला नाही. महापौरबाईंना सांग की ‘भोळेपणाने’ हा शब्द घाला. तेवढं पुरे.

झेलीला ते वाचून दाखवायला नको होतंस. इतकं काटेकोर असू नये माणसाने.

इकडे पहिला बर्फ पडला.

आ.


दोर्व्हाल, १५ डिसेंबर १९८६

आन्सेल्म काका,

मी जे मोजलं ते लिहिते. हा निष्कर्ष नव्हे.

ती बातमी मागच्या पानावर नाही. पहिल्या पानावर आहे, चौथ्या कॉलमच्या तळाशी. सात पॉइंटात नाही, आठ पॉइंटात आहे. वर गावाचं नाव ठळक नाही. मागच्या पानावर मोंरोनची वेगळी बातमी आहे, सात पॉइंटात, एका बाप्तिस्म्याची, आणि तिच्यात हवामान आहे. ती आजोबांची. चीजबद्दल तिच्यात काही नाही.

त्याच अंकात, मागच्या पानावरच, परिवहन कंपनीची सूचना आहे: इंधनाअभावी पठारावरच्या गावांची बस शनिवार १८ व रविवार १९ मार्चला धावणार नाही. मंगळवारच्या अंकात ती खरोखर धावली नव्हती असा उल्लेख आहे.

म्हणजे शनिवारी मोंरोनहून पाकीट आलेलं नाही. आणि आलं असतं, तरी तुमच्याच पत्राप्रमाणे ते मंगळवारी छापलं गेलं असतं.

‘भोळेपणाने’ हा शब्द घालायला मी सांगणार नाही.

सोलेन


दोर्व्हाल, २६ जानेवारी १९८७

आन्सेल्म काका,

सहा आठवडे झाले. नाताळला पाठवलेलं कार्ड मिळालं असेल. तुमचा फोन वाजतो, उचलला जात नाही. शेजारच्या मादाम रुसेंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आहेत की. काल माझ्याशी मांजरावरून भांडले.” म्हणजे तुम्ही बरे आहात.

फोटो तयार आहे. स्वच्छ आला आहे, एकेक अक्षर वाचता येतं. तो पाठवणं माझं काम आहे आणि मी तो पाठवणार. त्याच्याखाली काय छापलं जाईल हे माझ्या हातात नाही.

 आजीने काळा कोट कपाटातून काढून बाहेर टांगला होता, मार्चसाठी. तो परत आत ठेवायला सांगितला.

मला उत्तर नको असेल तर तसं लिहा. कोरा कागद पाठवलात तरी मी तो उत्तर म्हणून ठेवून घेईन.

सोलेन


आर्ब्वा, २ फेब्रुवारी १९८७

सोलेन,

ती बातमी मी जुळवली.

शुक्रवारी, १७ तारखेला, मागचं पान बंद झाल्यावर मी सायकलने मोंरोनला गेलो होतो. उपासाचे दिवस होते, बटाटे आणि वितळलेलं चीज एवढंच जेवण. झेलीने वाढलं. क्लोव्हिस खुशीत होता. तो म्हणाला, “अकरा चाकं, एकेक चाळीस किलोचं, आणि शेजारपाजारच्या एकालाही जाग आली नाही. केवढी गाढ झोप या गावाला.”

झेली म्हणाली, “हळू बोला, खिडकी उघडी आहे.”

“तक्रार कोण देणार? ज्यांचं गेलं त्यांनीच तर वर जंगलात चढवून दिलं. कुलूपसुद्धा किल्लीने उघडलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ही बातमी मी पाठवत नाहीये. तूही विसर.”

“विसरलो,” मी म्हटलं. आम्ही तिघं हसलो.

शनिवारी साडेदहा-अकराला सेन्सॉरने चौथ्या कॉलमच्या तळची बातमी उडवली. कसली ते आठवत नाही, बहुतेक साखरेच्या वाटपाची. बोवे ओरडला, “पेरार, चार ओळी, दहा मिनिटांत.” मी खुर्चीत बसलो. सूप दोनदा छापून झालं होतं. डोक्यात कालचं जेवण होतं, भावाचं हसणं होतं. बोटं चालू लागली. तिसऱ्या ओळीत ‘कुलूप तुटलेलं नाही’पर्यंत आलो आणि एक ओळ कमी पडली. खरं सांगायचं तर तिथे मी थांबू शकत होतो, दुसरं काही घालू शकत होतो. पण ते वाक्य सुचलं आणि नेमकं बसलं, एकही मोकळी जागा न सोडता. मला ते आवडलं, सोलेन. जुळाऱ्याला जसं आवडतं तसं आवडलं. ते वाक्य कुणी वाचेल, त्याला काही अर्थ आहे, हे मनातच आलं नाही. आम्ही अक्षरं पाहायचो. मजकूर वाचत बसलो तर अंक निघत नाही. ती बसची सूचनाही कदाचित माझ्याच हातून गेली असेल.

सेन्सॉरने वाचलं. “डोंगरातली माणसं,” म्हणाला, हसला, नाक पुसलं आणि शिक्का मारला.

मंगळवारी काय झालं ते बुधवारी आम्हीच छापलं. पाच नावं. तीही मी जुळवली. ज्युस्तँ मिदोलचं नाव करताना हात थांबला, कारण त्याच्याकडून मी अंडी आणायचो.

एप्रिलमध्ये क्लोव्हिस छापखान्यात आला. यंत्रांचा आवाज, त्यात तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “ती बातमी कुठून आली?”

मी म्हटलं, “पाकीट आलं. शनिवारच्या बसने.”

त्याने विचारलं, “कुणाचं अक्षर?”

“आठवत नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

तुझं डिसेंबरचं पत्र येईपर्यंत मला माहीत नव्हतं की त्या शनिवारी बस नव्हती. तो दर शनिवारी पाकीट घेऊन थांब्यावर उभा राहायचा. त्याही शनिवारी राहिला असणार आणि पाकीट घेऊन परत गेला असणार. म्हणजे मी ‘बसने’ म्हटलं त्या क्षणी त्याला कळलं. मी खोटं बोलतोय हे कळलं, आणि का बोलतोय हेही.

जर्मन गेल्यावर गावच्या चौकशी समितीने त्याला बोलावलं. मी तिथे नव्हतो, पुढे ऐकलं. विचारलं, “बातमी कुणी दिली?” तो म्हणाला, “वार्ताहर मी होतो.” एवढंच. तेव्हा ‘एको’च्या माणसांना लोक भिंतीशी उभं करायला टपलेले होते. त्यानंतर सोळा वर्षं तो जगला. दर नववर्षाला माझ्याकडे जेवायला यायचा, वाइनला नावं ठेवायचा. एक शब्द बोलला नाही. मला वाटायचं, त्याला माहीत नाही, आणि मी सुटलो.

आता तुला माहीत आहे. माझ्या पश्चात हे पत्र महापौरबाईंना दे. तोवर नको. मी चौऱ्याहत्तरचा आहे, फार थांबावं लागणार नाही.

आन्सेल्म


दोर्व्हाल, ६ फेब्रुवारी १९८७

आन्सेल्म काका,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

पाकीट आलेलं नाही हे मी डिसेंबरातच समजले होते. शुक्रवारच्या जेवणाचं माहीत नव्हतं. आजोबांचंही नाही. त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

‘माझ्या पश्चात’ हे मला मान्य नाही. आजी एकोणऐंशीची आहे. आधी कोण, हे तुम्हांला ठरवता येणार नाही, आणि तिचा क्रम आधी लागला तर तुमच्या कबुलीला वाचणारा उरत नाही. पुस्तिका मात्र उरेल.

तुम्ही मादाम बेर्थेले यांना स्वतः लिहावं, सहीनिशी, २० तारखेच्या आत. आजीलाही स्वतः लिहावं. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. आणि चूक रविवारच्या अंकात झाली होती, सगळ्या पठाराने ती रविवारी वाचली होती. दुरुस्तीही रविवारच्या अंकात यावी.

तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत, तर तुमचं पत्र मी कुणाला दाखवणार नाही. ते तुम्ही मला लिहिलं आहे. फोटो मात्र त्यांच्या वाक्यासकट छापला जाईल आणि ते आपल्या दोघांना माहीत असेल.

सोलेन


आर्ब्वा, ११ फेब्रुवारी १९८७

सोलेन,

तू वकील व्हायला हवी होतीस. नाही, वकील निदान पाणी तरी विचारतो.

दोन्ही पत्रं टाकली. महापौरबाईंचं सोपं गेलं. झेलीचं चार वेळा फाडलं.

काल दोर्व्हालला येऊन गेलो, तुला कळवलं नाही. ‘रनुव्हो’त गेलो. जिथे माझं यंत्र होतं तिथे आता कुंडी आहे. शिसं नाही, आवाज नाही, पोरं पडद्यासमोर बसून पान लावतात आणि कॉफी पितात. संपादक तिशीतला, सभ्य. मी म्हटलं, एक दुरुस्ती छापायची आहे.

“कोणत्या अंकातली, आजोबा?”

“एकोणीस मार्च चव्वेचाळीस.”

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाला, “पण तो ‘एको’ होता. आमचा पेपर ऑगस्टात सुरू झाला. त्यांच्या चुकांची दुरुस्ती आम्ही कशी छापणार? आमचा त्यांच्याशी संबंध नाही.”

“इमारत तीच आहे,” मी म्हटलं. “जिना तोच आहे. तिसरी पायरी अजून हलते.”

“तसं नाही हो. वाचकांचा गैरसमज होईल.”

मी बत्तीस वर्षं त्या नव्या मथळ्याखाली नोकरी केली. इतकी वर्षं मलाही बरं वाटत होतं, की ते सगळं त्या दुसऱ्या पेपरात झालं, हा पेपर वेगळा. संपादकाच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ते वाक्य ओळखीचं वाटलं.

शेवटी त्याने उपाय सांगितला. रविवारी निधनवार्तांचं पान असतं, तिथे कुणीही पैसे भरून सूचना देऊ शकतो, स्मरण, आभार, काहीही. खिडकीतल्या मुलीने फॉर्म दिला. ‘मृताचे नाव’ या रकान्यात काय लिहू, मी विचारलं. ती म्हणाली, “ज्यांच्यासाठी आहे त्यांचं.” क्लोव्हिसचं लिहिलं.

मजकूर सात वेळा केला. दर वेळी लांबायचा. सेन्सॉर शिरायचा, बोवे शिरायचा, दहा मिनिटं शिरायची. सगळे काढले. चारच ओळी ठेवल्या आहेत:

१९ मार्च १९४४ च्या ‘एको’मधली मोंरोनच्या
चीजची बातमी क्लोव्हिस पेरार यांनी
पाठवली नव्हती. मोकळी जागा भरायला ती
मी जुळवली. आन्सेल्म पेरार, जुळारी.

१ मार्चला येईल.

आन्सेल्म


दोर्व्हाल, २ मार्च १९८७

आन्सेल्म काका,

काल आली. बाविसावं पान, दुसरा कॉलम, एका नोटरीच्या निधनवार्तेखाली. मुद्रणदोष नाही.

मादाम बेर्थेले यांनी वाक्य बदललं आहे. नवीन वाक्य असं: “ही बातमी छापखान्यात जुळवली गेली, गावच्या वार्ताहराने ती पाठवली नव्हती.” तुमचं नाव त्यांनी घातलेलं नाही. ते वर्तमानपत्रात आलं आहे तेवढं पुरे, असं त्या म्हणाल्या. २१ तारखेला तुम्ही येऊ नये, अशीही त्यांची विनंती आहे. पाचांपैकी तिघांच्या विधवा हयात आहेत.

आजीने तुमचं पत्र मला दाखवलं नाही. रविवारची सूचना तिने आधी चष्म्याने वाचली, मग भिंगाने. मी विचारलं, “काकांना काय कळवू?”

“मिळालं म्हणावं.”

“आणखी काही?”

भिंग खाली ठेवून ती म्हणाली, “त्या शुक्रवारी मीच त्याला म्हटलं होतं, आणखी घे, बटाटे उरलेत. तो उशिरापर्यंत बसला.” मग म्हणाली, “इकडे येऊ नकोस म्हणावं. कधी यायचं ते मी सांगेन. नाही सांगितलं, तर नाही.”

तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. काळा कोट पुन्हा बाहेर टांगला आहे.

सोलेन


दोर्व्हाल, २२ मार्च १९८७

आन्सेल्म काका,

काल आजी आणि मी मोंरोनला जाऊन आलो. तुम्ही विचारणार नाही, म्हणून लिहिते.

शिळा करड्या दगडाची आहे, पाच नावं, वर्ष. बर्फ वितळत होता, लोक चिखलात उभे होते, सुमारे दीडशे. आजीला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. तिला आधी वाटलं, चुकून दिली. तिच्या शेजारी दोन विधवा होत्या. एकीने मान वळवली नाही. दुसरीने भाषणं चालू असताना आपल्या मांडीवरच्या शालीचं अर्धं टोक आजीच्या गुडघ्यांवर ओढलं आणि पुन्हा समोर बघू लागली. नंतर आजी आईवडिलांच्या कबरीपाशी गेली. शेजारची जागा तिने छत्रीने मोजली. मला म्हणाली, “पुरेल.”

निघताना एक गृहस्थ मोटारीपाशी आले. पन्नाशीचे, गवंडीकाम करणारे असावेत, हातांवरून वाटलं. ते रोलां मिदोल, ज्युस्तँ मिदोल यांचा मुलगा. तेव्हा ते सात वर्षांचे होते.

“तुम्ही मास्तरांच्या नात?”

मी हो म्हटलं.

“ते मला शिकवायचे,” ते म्हणाले. “वडील गेल्यावर मी त्यांच्या खिडकीवर दगड मारायचो. शाळेतून घरी जाताना, रोज. आम्ही पाच-सहा पोरं होतो, पण नेम माझा चांगला. एकदा ते बाहेर आले. मला वाटलं, आता धरणार. त्यांनी काच गोळा केली आणि म्हणाले, ‘रोलां, हात कापून घेशील, बाजूला हो.’”

मी मोटारीचं उघडलेलं दार परत लावलं.

“ते गाव सोडून गेले तेव्हा आम्ही गाडीमागे ओरडत गेलो. चाळीस वर्षं मला त्याचं समाधान होतं. वडिलांसाठी काहीतरी केलं असं. मग रविवारच्या अंकात ते वाचलं. आता सांगा, मी काय करू?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. ते खरं होतं.

“तुमचे ते काका. जिवंत आहेत ना?”

“आहेत.”

“भेटायचंय मला.”

“कशासाठी?”

त्यांनी टोपी काढली, आतून पाहिली आणि पुन्हा घातली. “ते गेल्यावरच कळेल. भांडेनही. की नुसता बसेन. त्यांच्याशिवाय हे मला कुणाशी बोलता येणार आहे?” आणि मग, “पत्ता द्या.”

मी पत्ता दिलेला नाही. त्यांचा घेऊन ठेवला आहे. मी म्हटलं, आधी विचारते. माणूस रागीट वाटला नाही, पण शांतही वाटला नाही. याहून अचूक मला सांगता येत नाही.

१९ मार्च १९४४ चा अंक मी शुक्रवारी फिल्मवर घेतला. पान फाटलेलं नव्हतं, म्हणून पाटी लावली नाही.

पत्ता द्यायचा का, ते कळवा.

सोलेन


आर्ब्वा, २५ मार्च १९८७

सोलेन,

दे. दुपारी दोननंतर मी घरीच असतो.

आन्सेल्म